अमेरिकेतील फार्मासिस्ट परवाना : राज्याच्या औषधकायद्याची परीक्षा आणि तिची तयारी

निशिगंधा (धागाकर्ती)

नमस्कार. मी न्यू जर्सीत औषधदुकानात परवानाधारक फार्मासिस्ट म्हणून काम करते आणि न्यू यॉर्कचा परवानाही माझ्याकडे आहे. मुंबई-पुण्याकडून फार्मसीचे शिक्षण घेऊन इकडे आलेले अनेक जण परवान्याविषयी विचारतात. त्यांचे बहुतेक प्रश्न नॅप्लेक्सबद्दल, म्हणजे औषधोपचाराच्या ज्ञानाच्या परीक्षेबद्दल असतात. कायद्याच्या परीक्षेचा विषय निघाला की "ते शेवटी पाठ करून टाकू" असे उत्तर मिळते. हुशार, नॅप्लेक्स पहिल्या फटक्यात पार केलेली मुले याच परीक्षेत अडकलेली मी पाहिली आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

ही परीक्षा वेगळी का आहे, हे आधी समजून घ्यायला हवे. आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा आणि फार्मसी कायदा 1948 चा, दोन्ही केंद्राचे. नोंदणी राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे होत असली आणि अंमलबजावणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन करत असले, तरी गडचिरोलीत शेड्यूल एचचे, म्हणजे प्रिस्क्रिप्शनवरच द्यायचे, औषध ज्या नियमाने द्यायचे त्याच नियमाने ते पणजीत द्यायचे असते. अमेरिकेत फार्मासिस्टचा परवाना केंद्र सरकार देतच नाही. तो राज्य देते, राज्याचे विधिमंडळ त्यासाठी स्वतंत्र कायदा करते आणि राज्याचे फार्मसी बोर्ड त्याखाली नियम करते. त्याच्या जोडीला केंद्राचे कायदे आहेतच : 1938 चा अन्न, औषध व प्रसाधन कायदा, प्रिस्क्रिप्शनवर मिळणारी आणि थेट मिळणारी औषधे वेगळी करणारी 1951 ची दुरुस्ती, नियंत्रित औषधांचा 1970 चा कायदा, लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशा झाकणांचा त्याच वर्षीचा कायदा, रुग्णाला औषध समजावून सांगण्याची तरतूद आणणारा 1990 चा कायदा, रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा 1996 चा कायदा. हे दोन थर एकमेकांवर चढलेले असतात आणि काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही एकाच वेळी पाळावे लागतात.

बहुतेक राज्ये यासाठी एमपीजेई ही परीक्षा घेतात. ती राज्यांच्या फार्मसी बोर्डांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे एनएबीपी, चालवते. मात्र प्रत्येक राज्याची प्रश्नपत्रिका त्या राज्याच्या कायद्यानुसार असते. अडीच तासांत 120 प्रश्न असतात, त्यांपैकी 100 मोजले जातात आणि 20 केवळ चाचणीसाठी असतात, पण ते कोणते हे आपल्याला कळत नाही. एकदा उत्तर देऊन पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा बसण्यापूर्वी किमान 30 दिवस थांबावे लागते, आणि हातात नोकरीचे पत्र असलेल्या माणसाला हा महिना फार जड जातो.

आता मुख्य मुद्दा. प्रश्नात "केंद्राच्या कायद्यानुसार" किंवा "राज्याच्या कायद्यानुसार" असा कोणताही भेद केलेला नसतो. ज्या राज्याच्या परवान्यासाठी तुम्ही बसला आहात, तिथे आज जे प्रत्यक्ष लागू आहे तेच उत्तर अपेक्षित असते. केंद्राचा आणि राज्याचा नियम वेगळा असेल तर दोहोंपैकी कडक नियम पाळायचा. हे वाक्य सर्वांना पाठ असते, पण ते वापरण्यासाठी दोन्ही नियम शेजारी-शेजारी माहीत असावे लागतात आणि नेमकी तिथेच तयारी कमी पडते.

एक उदाहरण सविस्तर घेते. नियंत्रित औषधे गैरवापराच्या धोक्यानुसार शेड्यूल वन ते फाइव्ह अशा याद्यांत विभागलेली असतात; आकडा लहान तितका धोका जास्त. चिंतेवर देतात ते लोराझेपाम केंद्राच्या यादीत शेड्यूल फोरमध्ये आहे. केंद्राच्या नियमाने शेड्यूल थ्री आणि फोरच्या प्रिस्क्रिप्शनला लिहिल्या तारखेपासून सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच रिफिल, म्हणजे त्याच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध, देता येतात. न्यू जर्सीत डॉक्टरांनी तीन रिफिल लिहून पाठवल्या तर मी त्या वेळोवेळी देते. हडसन नदी ओलांडून मॅनहॅटनमध्ये गेले की तेच औषध, तीच मात्रा आणि तसाच रुग्ण असूनही रिफिल देता येत नाही, कारण न्यू यॉर्कने लोराझेपाम ज्यात मोडते त्या बेन्झोडायझेपिन गटातील औषधांना रिफिलच्या बाबतीत शेड्यूल टूसारखे वागवले आहे. टेस्टोस्टेरॉनचेही तसेच. केंद्राच्या यादीत ते शेड्यूल थ्री, तर न्यू यॉर्कच्या यादीत ॲनाबॉलिक स्टेरॉइड शेड्यूल टू. आणीबाणीत डॉक्टरांनी फोनवर शेड्यूल टूचे औषध सांगितले, तर केंद्राच्या नियमाने लेखी प्रिस्क्रिप्शन सात दिवसांत यायला हवे. न्यू यॉर्कमध्ये मात्र 72 तासांत यायला हवे आणि औषधही पाच दिवसांपुरतेच द्यायचे असते. न्यू जर्सीची परीक्षा दिलेल्या माणसाने याच भरवशावर न्यू यॉर्कच्या परीक्षेला जाऊ नये, ते या कारणासाठी.

माझा सल्ला असा की मूळ नियम वाचावेत आणि ते बोर्डाच्या किंवा राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच वाचावेत. न्यू यॉर्कसाठी हे काम दुप्पट आहे, कारण फार्मसी व्यवसायाचा कायदा शिक्षण कायद्याच्या कलम 137 मध्ये आणि शिक्षण विभागाकडे आहे, तर नियंत्रित औषधांचा कायदा सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या कलम 33 मध्ये आणि आरोग्य विभागाकडे आहे. एकच संकेतस्थळ वाचून तयारी झाली असे समजणारे अर्धा अभ्यासक्रम न वाचताच परीक्षेला बसतात.

बाजारात मिळणाऱ्या किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या टिपणांवर माझा मुळीच विश्वास नाही. कायदा बदलतो आणि टिपण तसेच राहते. हायड्रोकोडोन या वेदनाशामकाची संयुक्त औषधे ऑक्टोबर 2014 मध्ये शेड्यूल थ्रीमधून टूमध्ये गेली आणि त्याच वर्षी ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक शेड्यूल फोरमध्ये आले. शेड्यूल टूची औषधे मागवण्याचा डीईएचा, म्हणजे नियंत्रित औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा, 222 क्रमांकाचा फॉर्म पूर्वी तीन प्रतींचा होता. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून फक्त एकपानी फॉर्म चालतो. नियंत्रित औषधांची चोरी कळवण्याचा 106 क्रमांकाचा फॉर्म किती दिवसांत भरायचा, याला 2023 पर्यंत निश्चित मुदत नव्हती. आता ती 45 दिवसांची आहे. या सर्व गोष्टी आजही जुन्या रूपात लिहिलेली टिपणे मी पाहते आणि काळजी वाटते.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.

अभिजित ऑस्टिनकर

निशिगंधाताई, अतिशय गरजेचा धागा. मी टेक्सासमध्ये रुग्णालयातील फार्मसीत आहे. एका बाबतीत थोडे वेगळे मत मांडतो. तुमच्या लेखनावरून नवीन माणूस थेट राज्याच्या नियमांपासून सुरुवात करील असे वाटते. माझ्या मते आधी केंद्राचा भाग पक्का करावा, कारण तो कोणत्याही राज्यात उपयोगी पडतो आणि पाया तोच आहे. शेड्यूल टूला रिफिल नाही. नियंत्रित औषधांची मोजदाद किमान दर दोन वर्षांनी करायची. नोंदी दोन वर्षे ठेवायच्या. सर्दीच्या औषधांतले सुडोएफेड्रिन एका दिवसात 3.6 ग्रॅम आणि 30 दिवसांत 9 ग्रॅमपेक्षा जास्त विकायचे नाही, तेही क्षाराच्या नव्हे तर मूळ बेसच्या वजनाने मोजून. हे सर्व झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे. त्यानंतर राज्याचा नियम वाचताना हातात दोन रंगांची पेने घ्यावीत आणि राज्य केंद्रापेक्षा कुठे वेगळे आहे तेवढेच अधोरेखित करावे.

टेक्सासबद्दल सांगायचे तर इथे व्यवसायाचा कायदा ऑक्युपेशन्स कोडमध्ये, नियंत्रित औषधांचा कायदा हेल्थ अँड सेफ्टी कोडच्या प्रकरण 481 मध्ये, आणि त्याशिवाय बोर्डाचे भलेमोठे नियम. फार्मसीचे वर्गही वेगवेगळे आहेत : सार्वजनिक दुकान हा ए वर्ग, किरणोत्सारी औषधांची फार्मसी बी, रुग्णालय सी, दवाखाना डी, राज्याबाहेरून औषधे पाठवणारी ई. मी रुग्णालयात असल्यामुळे सी वर्गाचे नियम मला रोजच्या कामातून येत होते, परंतु परीक्षेत दुकानाच्या नियमांना फार वजन असते. रुग्णालयात इंटर्नशिप केलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

निशिगंधा

अभिजित, तुमची दुरुस्ती मला मान्य आहे. केंद्राचा भाग आधी पक्का करावा हेच योग्य. फक्त त्यात एक धोका मी पाहिला आहे. केंद्राचे आकडे एकदा मनात बसले की राज्याचे आकडे वाचताना डोळा त्यांच्यावरून सरकून जातो. नोंदी दोन वर्षे ठेवायच्या हे केंद्राचे, पण न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क या दोन्ही राज्यांत पाच वर्षे ठेवाव्या लागतात. पर्यायांत दोन आणि पाच हे दोन्ही आकडे दिसले की घाईत दोनवर बोट जाते. म्हणून दोन रंगांची तुमची युक्ती मला फार पटली.

ओपिऑइडच्या, म्हणजे अफूवर्गीय वेदनाशामकांच्या, पहिल्या प्रिस्क्रिप्शनचा नियमही असाच. तीव्र वेदनेसाठी पहिल्यांदा देताना न्यू जर्सीत पाच दिवसांची मर्यादा आहे, न्यू यॉर्कमध्ये सात, टेक्सासमध्ये दहा. फ्लोरिडात शेड्यूल टूसाठी तीन, आणि डॉक्टरांनी ठरलेल्या पद्धतीने अपवाद नोंदवल्यास सात. केंद्राचा असा दिवसांचा नियमच नाही, त्यामुळे इथे केंद्राच्या भागातून काहीही मदत होत नाही.

ऋता_पुणे

मी पुण्यात फार्म.डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे अमेरिकेत जायचा विचार आहे. माझा प्रश्न क्रमाविषयी आहे. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, एफपीजीईई ही परदेशी पदवीधरांची फार्मसीची परीक्षा, इंटर्नशिपचे तास, नॅप्लेक्स आणि कायद्याची परीक्षा यांत कायद्याचा अभ्यास कधी सुरू करावा? दुसरे असे की 72 तासांचा नियम मला दोन ठिकाणी दोन अर्थांनी वाचायला मिळाला आणि गोंधळ उडाला. तो कृपया स्पष्ट कराल का?

निशिगंधा

ऋता, परदेशी पदवीधरांना आधी एनएबीपीच्या एफपीजीईसी प्रमाणपत्रासाठी कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात, एफपीजीईई द्यावी लागते आणि टोफेलमध्ये चारही भागांत स्वतंत्र किमान गुण मिळवावे लागतात. त्यातही बोलण्याच्या भागाची अट भल्याभल्यांना अडवते, म्हणून तिची तयारी आतापासून कर. प्रमाणपत्र हातात आल्यावर राज्य निवडायचे, तिथला इंटर्न परवाना घ्यायचा आणि तास पूर्ण करायचे. तासांची अट राज्यागणिक वेगळी असते. कायद्याचा अभ्यास इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू करावा असे माझे ठाम मत आहे, कारण त्या काळात नियम डोळ्यांसमोर घडताना दिसतात. शेड्यूल टूचे कपाट कोण उघडते, टेक्निशियनला काय करू देतात आणि काय नाही, रिफिल दुसऱ्या दुकानात पाठवताना काय नोंदवतात, हे पाहिलेले असले की पुस्तकातला नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. मात्र "आमच्या दुकानात असे करतात" म्हणून तोच कायदा आहे असे कधीही गृहीत धरू नकोस. दुकानाचे धोरण पुष्कळदा कायद्यापेक्षा कडक असते आणि परीक्षेत कायदा विचारतात.

आता 72 तास. एक नियम केंद्राचा आहे. शेड्यूल टूच्या 60 गोळ्या लिहिल्या आहेत आणि दुकानात 40 च आहेत, तर 40 देऊन उरलेल्या 20 गोळ्या 72 तासांत द्यायच्या. तेवढ्या वेळात देता आल्या नाहीत तर डॉक्टरांना कळवायचे आणि उरलेल्यासाठी नवे प्रिस्क्रिप्शन घ्यायचे. ही कमतरता दुकानाची आहे. रुग्णाने किंवा डॉक्टरांनी स्वतःहून "आत्ता थोड्याच द्या" असे सांगितले तर 2016 च्या कायद्याने उरलेल्या गोळ्या लिहिल्या तारखेपासून 30 दिवसांपर्यंत देता येतात, अर्थात राज्याने त्याला मनाई केलेली नसेल तर. दुसरे 72 तास न्यू यॉर्कचे, आणीबाणीच्या फोनवरील प्रिस्क्रिप्शननंतर लेखी प्रिस्क्रिप्शन येण्याचे. दोन प्रसंग पूर्ण वेगळे आहेत. प्रश्न वाचताना गोळ्या कमी का दिल्या हे आधी शोधायचे, आकडा नंतर.

सागरतीर

ताई, एक विनंती आहे. आपण परीक्षा दिली तेव्हाचे जे प्रश्न आठवत असतील ते इथे लिहिलेत तर सर्वांनाच फायदा होईल. दुसऱ्या एका ग्रुपवर अशी आठवलेल्या प्रश्नांची फाईल फिरते आहे, ती विश्वसनीय आहे का?

निशिगंधा

सागरतीर, आपली भावना समजते, पण ते मी करणार नाही आणि कोणीही करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. परीक्षेला बसताना आपण प्रश्न उघड न करण्याचा करार मान्य करतो. 2007 मध्ये जॉर्जिया राज्यातील एका विद्यापीठाच्या उजळणी वर्गात परीक्षेतील प्रश्न वापरल्याचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि नॅप्लेक्स काही काळ देशभर थांबवावी लागली. ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा उमेदवारांचे परवाने त्यामुळे रखडले. आपल्यापैकी अनेक जण व्हिसाच्या मुदतीवर दिवस काढत असतात. अशा फाईलपायी परवानाच हातचा गेला तर ते नुकसान भरून येणारे नाही. फाईल विश्वसनीय आहे का, या प्रश्नाचे उत्तर असे की ती खोटी असली तरी घातक आणि खरी असली तर त्याहून घातक.

सरावासाठी स्वतः प्रश्न तयार करावेत. एखादे औषध घ्या, ते केंद्राच्या आणि राज्याच्या कोणत्या यादीत आहे ते पाहा, मग कोण लिहू शकतो, किती दिवस चालते, किती रिफिल, दुसऱ्या दुकानात पाठवता येते का, नोंद किती वर्षे ठेवायची असे प्रश्न त्यावर लावा. अपस्मार आणि मज्जातंतूंच्या वेदनेवरचे गॅबापेंटिन घेऊन पाहा. केंद्राच्या यादीत ते नियंत्रित औषध नाही. केंटकीने 2017 मध्ये ते शेड्यूल फाइव्हमध्ये टाकले. मिशिगन, टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया ही राज्येही त्या वाटेने गेली. एका औषधावर असा तासभर घालवला तर शंभर तयार प्रश्न सोडवल्याचे समाधान मिळते.

अ. दे., कोल्हापूर

मी महाराष्ट्रात फार्मसी महाविद्यालयात हा विषय शिकवतो. चर्चा वाचून एक सुचवावेसे वाटते. आमच्याकडे बी. फार्म.च्या पाचव्या सत्रात फार्मास्युटिकल ज्युरिसप्रुडन्स हा पेपर असतो आणि बरेचसे विद्यार्थी तो केवळ उत्तीर्ण होण्यापुरता वाचतात. पदवीनंतर राज्य कौन्सिलमध्ये नोंदणी करताना पदवीधरांची कायद्याची वेगळी परीक्षा होत नाही, हे त्याचे एक कारण असावे. पदविकाधारकांसाठी 2022 च्या विनियमांनी एक्झिट परीक्षा आणली आहे आणि तिच्या विषयांत कायदाही आहे, हे स्वागतार्ह आहे.

पण ज्यांनी हा पेपर मनापासून वाचला आहे, त्यांची विचार करण्याची पद्धत अमेरिकेतही उपयोगी पडेल. शेड्यूल एच 1 च्या औषधासाठी वेगळी नोंदवही ठेवायची आणि ती तीन वर्षे जपायची. शेड्यूल एक्सचे प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत असावे लागते आणि एक प्रत दोन वर्षे दुकानात ठेवायची. फार्मसी कायद्याच्या कलम 42 नुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी औषध तयार करून द्यायचे नाही. नियम वेगळे असले तरी औषध जितके धोक्याचे तितकी नोंद काटेकोर, हे तत्त्व तेच आहे. माझे विद्यार्थी इथल्या दुकानांत काम करतात तेव्हा सुट्टे औषध मागणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाईकाला नाही म्हणणे त्यांना किती अवघड जाते, ते मी जाणतो. तिथे मालकाच्या धाकापेक्षा स्वतःच्या परवान्याची जबाबदारी मोठी मानली जाते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

निशिगंधा

सर, आपण फार महत्त्वाचे विचारलेत. केंद्राच्या नियमावलीत एक तरतूद आहे की नियंत्रित औषधाचे प्रिस्क्रिप्शन योग्य वैद्यकीय कारणासाठी आणि डॉक्टरांच्या नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात लिहिलेले असले पाहिजे. ते तसे लिहिण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहेच, पण ते भरून देणाऱ्या फार्मासिस्टवरही तितकीच जबाबदारी टाकलेली आहे. डॉक्टरांची सही आहे, डॉक्टरांना डीईएने दिलेला नोंदणी क्रमांक बरोबर आहे, मग माझे काम संपले, असे इथे म्हणता येत नाही. ओपिऑइडच्या व्यसनाची साथ पसरली तेव्हा या तरतुदीखाली लहान दुकानांपासून मोठ्या साखळ्यांपर्यंत अनेकांना न्यायालयात जावे लागले.

परीक्षेतही हे येते. रुग्ण शंभर मैलांवरून आला आहे, रोख पैसे देतो आहे, ओपिऑइड, बेन्झोडायझेपिन आणि स्नायू शिथिल करणारे औषध एकत्र लिहिलेले आहे, आणि त्याच डॉक्टरांची अशीच प्रिस्क्रिप्शने सकाळपासून येत आहेत. अशा वर्णनात औषधाचा एकही आकडा चुकलेला नसतो आणि तरीही उत्तर "देऊ नये" हे असते. राज्याच्या प्रिस्क्रिप्शन नोंदसंचात रुग्णाचा इतिहास पाहणे, डॉक्टरांना फोन करणे, आणि शंका न फिटल्यास नकार देणे. आपण म्हणता तो नकाराचा अवघडपणा इथेही आहे. रुग्ण ओरडतो, व्यवस्थापक रांगेकडे बोट दाखवतो. पण बोर्डापुढे उभे राहायची वेळ आली तर परवाना फार्मासिस्टचा असतो, हे इथे सगळ्यांना माहीत असते.

सागरतीर

धन्यवाद ताई, फाईल काढून टाकली. आता वेगळा प्रश्न. डीईए क्रमांक बरोबर आहे की नाही हे तोंडी तपासता येते असे ऐकले. पद्धत सांगाल का?

अभिजित ऑस्टिनकर

हे मी सांगतो. क्रमांकात दोन अक्षरे आणि सात अंक असतात. डॉक्टरांचे पहिले अक्षर सहसा ए, बी, एफ किंवा जी असते. नर्स प्रॅक्टिशनर, फिजिशियन असिस्टंट यांसारख्यांचे एम असते. दुसरे अक्षर सहसा आडनावाचे आद्याक्षर. समजा अंक 1234563 आहेत. पहिला, तिसरा आणि पाचवा यांची बेरीज : 1, 3 आणि 5 मिळून 9. दुसरा, चौथा आणि सहावा यांची बेरीज 2, 4 आणि 6 मिळून 12, तिची दुप्पट 24. नऊ आणि चोवीस मिळून 33. या बेरजेचा शेवटचा अंक 3, आणि क्रमांकाचा सातवा अंकही 3. म्हणजे क्रमांक रचनेने बरोबर आहे. रचनेने बरोबर असणे म्हणजे खरा असणे नव्हे, कारण ही बेरीज खोटे प्रिस्क्रिप्शन करणाऱ्यालाही येते.

माधवी_नाशिक

माझ्या नणंदेने 2009 मध्ये बी. फार्म. केले आणि नंतर एम. फार्म.ही केले आहे. ती आता पतीबरोबर शिकागोला जाते आहे. तिने कोणत्या परीक्षेपासून सुरुवात करावी?

निशिगंधा

माधवीताई, हे सांगताना वाईट वाटते, पण आधीच कळलेले बरे. एफपीजीईसीसाठी 1 जानेवारी 2003 पासून पुढे पदवी घेतलेल्यांना किमान पाच वर्षांचा व्यावसायिक फार्मसी अभ्यासक्रम लागतो. त्यापूर्वीच्या पदवीधरांना चार वर्षांचा चालत असे. आपली बी. फार्म. चार वर्षांची असल्यामुळे 2009 ची पदवी त्यात बसत नाही आणि वर एम. फार्म. जोडल्याने ती पाच वर्षांची मानली जात नाही. भारतातील सहा वर्षांची फार्म.डी. 2008 मध्ये सुरू झाली, ती बसते. म्हणूनच वर ऋताला मी वेगळे उत्तर दिले. तुमच्या नणंदेपुढे इथल्या विद्यापीठात फार्म.डी. करणे हा फार्मासिस्ट होण्याचा मार्ग आहे. तो खर्चिक आणि लांबचा आहे. एम. फार्म.च्या जोरावर औषधनिर्मिती किंवा क्लिनिकल संशोधनाच्या क्षेत्रात काम शोधणे हा दुसरा, आणि त्यासाठी या परीक्षांची गरज नाही. "आधी परीक्षांचे पैसे भरा, मग बघू" असे सांगणाऱ्या सल्लागारांपासून तिला दूर ठेवा.

मंजिरी बे एरिया

कॅलिफोर्नियाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून भर घालते. इथे एमपीजेई चालतच नाही. राज्याची स्वतःची सीपीजेई ही परीक्षा आहे आणि तिच्यात कायद्याबरोबर रुग्णाला सल्ला देणे, औषधयोजना तपासणे असे व्यवसायाचे प्रश्नही असतात. त्यामुळे केवळ कायदा वाचून येणारे गोंधळतात. दुसऱ्या राज्यात अनेक वर्षे काम केलेल्या फार्मासिस्टलाही ही द्यावी लागते. आर्कान्सा राज्यानेही स्वतःची कायदा परीक्षा ठेवली होती, तर आयडाहोने कायद्याची परीक्षाच काढून टाकली आणि नियम पाळण्याची जबाबदारी थेट फार्मासिस्टवर सोपवली. आयडाहोचा प्रयोग मला व्यक्तिशः पटत नाही. कायदा नंतर वाचता येईल असे ठरवले की तो वाचला जात नाही.

ऋता_पुणे

ताई, मग जर मी न्यू यॉर्कची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि दोन वर्षांनी टेक्सासला जावे लागले, तर सर्व पुन्हा करावे लागेल का? आणि सर्व राज्यांसाठी एकच परीक्षा येणार असल्याचे वाचले, ते खरे आहे का?

निशिगंधा

सर्व नाही. एनएबीपीमार्फत परवाना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हस्तांतरित करण्याची सोय आहे आणि त्यात नॅप्लेक्स पुन्हा द्यावी लागत नाही. टेक्सासची एमपीजेई मात्र द्यावी लागेल, कारण तुझे औषधोपचाराचे ज्ञान सीमा ओलांडल्यावर बदलत नाही, पण कायदा बदलतो. जुना परवाना चालू आणि निष्कलंक ठेवणे महत्त्वाचे. राज्य सोडले म्हणून नूतनीकरण बंद करू नकोस. हस्तांतरण त्याच परवान्याच्या आधारे होते.

एकच परीक्षा येण्याबद्दल : एनएबीपीने सर्व राज्यांना समान अशी एकसमान एमपीजेई आणण्याचे जाहीर केले आहे, पण ती स्वीकारायची की नाही हे प्रत्येक राज्याचे बोर्ड ठरवणार. तुझी वेळ येईल तेव्हा ज्या राज्यात अर्ज करणार आहेस त्या बोर्डाचे पान उघडून त्यांनी काय स्वीकारले आहे ते पाहा, आणि हा धागा तोवर जुना झालेला असेल तर माझ्या उत्तरापेक्षा त्या पानावर विश्वास ठेव. एकसमान परीक्षा आली तरी लोराझेपामच्या रिफिलचा न्यू यॉर्कचा नियम न्यू यॉर्कमध्ये लागू राहीलच, म्हणून राज्याचा कायदा वाचायचे काम तुला तेव्हाही करावे लागेल.

ऋता_पुणे

समजले. टोफेलच्या बोलण्याच्या भागापासून सुरुवात करते आणि केंद्राचा भाग दोन रंगांनी वाचायला घेते. अभिजितदादा, तुम्ही वापरलेली केंद्राच्या नियमांची अधिकृत नियमावली डीईएच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते का?

अभिजित ऑस्टिनकर

हो, मिळते. डीईएची फार्मासिस्टसाठीची माहितीपुस्तिका तिथेच आहे, ती आधी वाच आणि शंका आली की मूळ नियमावलीतला परिच्छेद उघडून पाहा. छापून घेणार असशील तर पुस्तिकेवर आवृत्तीचे वर्ष पाहून मगच छाप.